केंद्रकावरची छत्री

सावळ्या हाताच्या त्वचेचा तुकडा स्लाइडवर आला की मी आधी तळाची रांग बघते. त्वचेच्या बाहेरच्या थराच्या अगदी बुडाशी पेशींची एकच ओळ असते आणि तिथल्या पेशींच्या केंद्रकांवर तपकिरी कणांच्या टोप्या चढलेल्या दिसतात. टोपी असते ती उन्हाच्या बाजूला; केंद्रकाच्या खालच्या अंगाला कण तुरळक. लक्षावधी छत्र्या एकाच दिशेने उघडून धराव्यात तसं ते दृश्य असतं. रंगावरून माणसांनी एकमेकांचा जो छळ मांडला, तो आठवला की ही स्लाइड प्रत्येकाला एकदा तरी दाखवावीशी वाटते.

हे कण मेलॅनिनचे. ज्या पेशींत ते दिसतात त्या पेशी ते स्वतः बनवत नाहीत. तळाच्या रांगेत अधूनमधून बसलेल्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी ते तयार करतात आणि आपल्या लांब फांद्यांमधून आसपासच्या तीस-चाळीस पेशींना पुरवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या कारागीर पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो कणांच्या आकारात, प्रमाणात आणि ते किती काळ टिकतात यात. छत्री नेमकी केंद्रकावरच का, तर पेशीची सगळी पुंजी तिथे आहे. सहा-सात मायक्रॉन रुंदीच्या त्या गोळीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उन्हातले अतिनील किरण या डीएनएवर पडले की त्यातली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि पुढे नक्कल काढताना तिथे चूक होते. पेशी अशा बहुतेक जागा कापून पुन्हा लिहिते. झेरोडर्मा पिगमेंटोसम या जन्मजात आजारात ही दुरुस्तीच होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. त्या मुलांना शाळकरी वयातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. ज्यांची त्वचा मेलॅनिनच बनवू शकत नाही अशा माणसांनाही, विशेषतः कडक उन्हाच्या प्रदेशात, हाच धोका असतो. एकीकडे छत्री नाही, दुसरीकडे दुरुस्ती नाही. दोन्ही वाटा केंद्रकाशीच येतात.

त्वचेच्या कर्करोगाचं निदानही मुख्यतः केंद्रकं बघूनच होतं. काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरतो, त्यातलं पाणी काढून मेण भरलं जातं, मग मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. रिपोर्टला दोन-चार दिवस का लागतात, असं नातेवाईक कळवळून विचारतात; त्यातला बराच वेळ या मुरण्यात आणि मेण भरण्यात जातो. काप काचेवर चढला तरी त्यात काहीच दिसत नाही, कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांना रंग द्यावा लागतो, आणि हा रंग येतो झाडातून. मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या एका काटेरी झाडाच्या लाल गाभ्यातून हिमॅटॉक्सिलिन निघतं. ते एकटं केंद्रकाला नीट धरत नाही. त्यात तुरटी घालावी लागते. १८६५ मध्ये बोमर या जर्मन संशोधकाने हे सूत्र बसवलं, पण मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर पक्का बसवायला तुरटी लागते हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना केव्हापासून ठाऊक होतं. तत्त्व एकच आहे. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने रंग धरतं आणि दुसऱ्या हाताने धागा. इथे धागा डीएनएचा, एवढाच फरक. मग काच नळाच्या पाण्यात धरली की जांभळट केंद्रकं डोळ्यांदेखत निळी होतात. उरलेल्या पेशीला इओसिनचा गुलाबी रंग देतात.

निरोगी त्वचेत ही निळी केंद्रकं एका शिस्तीत असतात. तळाच्या पेशी विभाजित होतात, नव्या पेशी वर सरकतात, वर जाताना पसरट होतात, आणि सगळ्यात वरच्या थरात केंद्रक नाहीसंच होतं. आपण ज्याला हात लावतो ती त्वचा केंद्रक टाकून दिलेल्या मृत पेशींची असते. या प्रवासात कुठे, कोणत्या उंचीवर, कसलं केंद्रक असायला हवं याचं चित्र डोळ्यात पक्कं बसलेलं असलं, तरच बिघाड ओळखता येतो. बिघाडाच्या खुणा विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात: केंद्रक मोठं होतं, पेशीचा बहुतेक भाग व्यापतं, गडद होतं, त्याची कड वेडीवाकडी होते, आतली केंद्रकी, म्हणजे केंद्रकातला गडद ठिपका, फुगते, आणि विभाजनाच्या आकृत्या नको तिथे व नको तशा दिसू लागतात. सगळं खरं आहे. पण एवढ्यावर विसंबून त्वचेची गाठ वाचायला बसलेला माणूस फसतो. मीही सुरुवातीला फसले आहे.

जिथे या खुणा चोख लागू पडतात तो वर सरकणाऱ्या पसरट, म्हणजे स्क्वेमस, पेशींचा कर्करोग. त्याची पहिली पायरी म्हणजे १९१२ मध्ये बॉस्टनच्या जॉन बोवेन यांनी वर्णन केलेला आजार. वरून तो लालसर, खवले सुटणारा चट्टा असतो, आणि कित्येकदा नायटा समजून त्यावर महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वादळ होऊन गेलेलं दिसतं. तळ आणि माथा यांतला फरकच पुसलेला असतो. मोठी, काळपट केंद्रकं कशीही पडलेली, एखाद्या पेशीत चार-पाच केंद्रकांचा गुंता, आणि विभाजन चक्क वरच्या थरात चाललेलं, जिथे केंद्रकाने मावळायला हवं. हे सगळं अजून त्वचेच्या बाहेरच्या थराच्या तळाशी असलेल्या पडद्याच्या आत असतं. पडदा फोडून पेशी खाली उतरल्या की खरा आक्रमक कर्करोग. तेव्हा केंद्रकं फुगीर, आतून फिकी आणि ठळक केंद्रकीची होतात. तरीही काही पेशींना आपलं मूळ काम आठवत असतं. त्या खाली, भलत्याच जागी, केराटिन बनवतात आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुलाबी गोळे तयार होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगाची प्रतवारी याच आठवणीवर बसवली: पेशी जितकी आपलं काम विसरलेली, तितकी प्रत वाईट.

या कर्करोगाचा एक प्रकार तर आपल्याच कमरेवर सापडला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसून नेसल्याने त्वचा तिथे आधी रंग बदलते, मग जाड होते, चिरते, आणि काहींच्या बाबतीत त्या न भरणाऱ्या जखमेत कर्करोग उगवतो. पुढे साडीखालच्या परकराच्या नाडीपाशीही तसेच रुग्ण आढळले. काश्मीरमध्ये फिरन या अंगरख्याच्या आत धरलेल्या कांगडीच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या टोपलीच्या, शेकाने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग त्याआधीपासून माहीत होता. जुन्या भाजल्याच्या व्रणातही तो होतो. म्हणून आपल्याकडे या रोगाचा विचार करताना फक्त उन्हाकडे बोट दाखवून भागत नाही. कमरेची, मांडीची आणि ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या गोऱ्या शेतकऱ्याच्या कानाची, अशा तीन स्लाइड शेजारी ठेवल्या तर केंद्रकांवरून कारण सांगता येणार नाही. केंद्रक बिघडलं आहे हे दिसतं. घर्षणाने, आचेने की किरणांनी, हे दिसत नाही. त्यासाठी डीएनएची अक्षरं वाचावी लागतात. उन्हाने केलेल्या चुकांना स्वतःचं हस्ताक्षर असतं, आणि १९९१ मध्ये याच कर्करोगाच्या पी-५३ जनुकात ते पहिल्यांदा ठसठशीत वाचलं गेलं.

आता बेसल, म्हणजे तळाच्या, पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत हा माणसाला होणारा सगळ्यात नेहमीचा कर्करोग आहे. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचं वर्णन केलं. उंदराने कुरतडल्यासारखी कड दिसते म्हणून त्याला इंग्रजीत कुरतडणारा व्रण म्हणत. त्याची स्लाइड मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हा कर्करोग आहे यावर माझा विश्वास बसेना. केंद्रकं लांबट, गडद, पण एकाला झाकावं नि दुसरं दाखवावं इतकी सारखी. फुगलेली केंद्रकी नाही, राक्षसी पेशी नाही. पेशींच्या बेटांच्या कडेने तर केंद्रकं अशी ओळीने उभी, की परसाच्या कुंपणाला कुणी मोजून खुंट्या ठोकल्या आहेत. निदान होतं ते या कुंपणावरून, आणि बेट व भोवतालच्या ऊतीमध्ये पडलेल्या फटीवरून. एकटं केंद्रक काढून दाखवलं तर कुणी त्याला दोष देणार नाही.

आणि तरीही या शांत केंद्रकांच्या आतला डीएनए कमालीचा जर्जर असतो. ज्या कर्करोगांत जनुकीय चुका सगळ्यात जास्त सापडतात, त्यांत हा अग्रभागी आहे. त्यातली एक चूक बहुधा एका ठरावीक नियंत्रक जनुकात असते आणि तिच्यामुळे पेशी थांबायचं विसरते. हा कर्करोग नाक, पापणी, कान हळूहळू पोखरतो; पण शरीरात दूर पसरणं मात्र अत्यंत विरळ. म्हणजे आत इतकी मोडतोड, चेहरा इतका नीटस, आणि स्वभाव स्थानिक. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी सरळ मेळ लागत नाही.

हा मेळ न लागणं मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. केंद्रकाचा कुरूपपणा हे रोगाच्या क्रौर्याचं माप नव्हे. याचा सगळ्यात कठोर धडा मर्केल पेशींचा कर्करोग देतो. म्हाताऱ्या माणसाच्या गालावर किंवा दंडावर लालसर-जांभळी, न दुखणारी गाठ येते आणि काही आठवड्यांत वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, नेटकी केंद्रकं. पुस्तकं त्यांच्या आतल्या द्रव्याला मीठ-मिरीची उपमा देतात. मला रांगोळीची भुकटी आठवते, बारीक आणि सर्वत्र सारखी पसरलेली. केंद्रकी दिसते न दिसते. पेशीद्रव्य इतकं कमी की केंद्रकं डब्यात दाबून भरलेल्या लाडवांसारखी एकमेकांच्या आकारात चेपून बसतात. घाईत पाहिलं तर या पेशी लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, वाटू शकतात. पण जरा थांबलं की विभाजनाच्या आकृत्या दिसू लागतात, मग आणखी, मग जिकडे पाहावं तिकडे. हा रोग झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं त्यानेच दगावतात. मेलॅनोमाहूनही हे प्रमाण जास्त आहे. १९७२ मध्ये सिरिल टोकर यांनी तो प्रथम वेगळा ओळखला, आणि २००८ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या पिट्सबर्गमधल्या प्रयोगशाळेने त्यात एक नवा विषाणू शोधला, जो बहुतेक गाठींत पेशीच्या डीएनएमध्येच घुसून बसलेला असतो. अशा विषाणूवाल्या गाठींत इतर जनुकीय चुका अगदी थोड्या असतात. बेसल पेशींच्या कर्करोगाशी ताडून पाहा: तिथे हजारो चुका आणि सौम्य स्वभाव, इथे मोजक्या चुका आणि हा संहार.

उलट टोकाला, म्हाताऱ्यांच्या उन्हाने रापलेल्या टकलावर एक गाठ येते. तिचं नाव अ‍ॅटिपिकल फायब्रोझॅन्थोमा. नावाइतकीच तिची स्लाइड दचकवते. एका केंद्रकात दहा केंद्रकं मावावीत असे राक्षसी आकार, तीन-चार दिशांना ओढली जाणारी विभाजनं. पहिल्यांदा पाहणारा रुग्णाची आशाच सोडेल. प्रत्यक्षात ती उथळ असेल आणि पूर्ण काढली असेल, तर बहुतेकदा विषय तिथेच संपतो. मात्र हे निदान शेवटचं करायचं असतं. स्क्वेमस कर्करोग नाही, मेलॅनोमा नाही, गाठ खोल चरबीत उतरलेली नाही, हे सगळं विशेष रंगांनी तपासून झाल्यावरच. तिचं भयंकर केंद्रक आपल्याला फक्त एवढंच सांगतं, की बाकीचं नीट बघ.

मेलॅनोमात, म्हणजे छत्र्या बनवणाऱ्या कारागीर पेशींच्याच कर्करोगात, ही परीक्षा सगळ्यात अवघड होते, कारण तिथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. ठरावीक मेलॅनोमाचं केंद्रक मोठं, आतून फिकं आणि मध्ये डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल केंद्रकी असलेलं. कधी केंद्रकाच्या आत गुलाबी पोकळी दिसते. ती खरी पोकळी नसते, तर पेशीद्रव्य केंद्रकाच्या घडीत शिरलेलं असतं. पण न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये लहान मुलांच्या १३ गाठींवर लेख लिहिला, आणि प्रश्न उभा राहिला. या गाठींतली केंद्रकं मेलॅनोमाइतकीच मोठी, केंद्रक्या तितक्याच ठळक, आणि तरी १३ पैकी एकच मूल दगावलं. स्पिट्झ यांनी त्यांना बालवयातले मेलॅनोमाच म्हटलं होतं. पुढे कळत गेलं की त्यांतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी तीळ होते, आणि आज तो तीळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या लेखाने किती मुलांचे हातपाय नाहक खोल कापण्यापासून वाचवले असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पेशी दिसते एक आणि वागते दुसरं, हे त्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं.

मग फरक करायचा कसा? केंद्रकाच्या रूपापेक्षा त्याच्या चालीवरून. साध्या तिळात वरच्या पेशी मोठ्या असतात आणि जसजसं खोल जावं तसतशी केंद्रकं लहान होत जातात, जणू पेशी वयात येऊन शांत होतात. स्पिट्झच्या तिळातही केंद्रकं मोठी असली तरी खाली उतरताना आटतात, आणि दोन्ही बाजूंना तो सारखा असतो. मेलॅनोमात खालचं केंद्रक वरच्याइतकंच मोठं आणि तितकंच अस्वस्थ राहतं, विभाजन गाठीच्या तळाशीही चालू असतं, आणि एकेकट्या पेशी बाह्यस्तरात वर चढत जातात. काही गाठी या दोन्हींच्या मध्ये अडकतात. त्या वेळी सहकाऱ्याला हाक मारून दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर बसवावं लागतं, गुणसूत्रांची तपासणी मागवावी लागते, आणि रिपोर्टात अनिश्चितता स्पष्ट लिहावी लागते. रुग्णाच्या वडिलांना असा रिपोर्ट समजावून सांगणं फार जड जातं. तरी खोटी खात्री देण्यापेक्षा ते बरं.

एकदा मेलॅनोमा ठरला, की भवितव्य सांगताना केंद्रक मागे पडतं आणि फूटपट्टी पुढे येते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवलं की गाठ वरून खाली किती मिलिमीटर उतरली आहे, हा आकडा भवितव्याचा सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे. आजही रिपोर्टात शल्यचिकित्सक आधी तोच शोधतात.

आणखी दोन केंद्रकं ओझरती सांगते, कारण आपल्याकडे ती डोळ्यांसमोर येतात आणि ओळखली जात नाहीत. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग पाश्चात्त्यांपेक्षा भारतात पापणीच्या कर्करोगांत बराच मोठा वाटा उचलतो; त्यात पेशीतले चरबीचे फुगे केंद्रकाला चहूबाजूंनी दाबतात आणि त्याची कड कुणी चावे घेतल्यासारखी होते. पुन्हापुन्हा येणारी रांजणवाडी म्हणून यावर वर्षभर शेक दिला गेल्याची उदाहरणं प्रत्येक नेत्रतज्ज्ञाकडे असतील. आणि मायकोसिस फंगॉइड्स, नावात बुरशी असूनही तिच्याशी संबंध नसलेला लिम्फोसाइटचा कर्करोग: त्यातलं केंद्रक अक्रोडाच्या गरासारखं वळ्यावळ्यांचं असतं, आणि हे लिम्फोसाइट तळाच्या रांगेला ओळीने चिकटून बसतात. तो वर्षानुवर्षं इसब वाटत राहतो.

शेवटी तळपाय. भारतीयांमध्ये मेलॅनोमा मुळात कमी होतो; छत्री आपलं काम चोख करते. पण जो होतो त्यातला मोठा भाग तळव्यावर, तळहातावर आणि नखाखाली होतो, जिथे ऊन पोचतच नाही आणि म्हणून छत्रीचा उपयोगही नाही. बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच होता. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. तळव्याच्या त्वचेला बोटांच्या ठशांसारखे उंचवटे आणि खाचा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमधून धावतो आणि मेलॅनोमाचा उंचवट्यांवरून, हे जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं, आणि दवाखान्यात हातातल्या भिंगाने ते दिसू शकतं. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली तळाच्या रांगेत मोठ्या केंद्रकाच्या एकट्यादुकट्या पेशीच असतात. नवख्या नजरेला तिथे काही आहे असं वाटतही नाही. आपल्याकडे रुग्ण मात्र बहुतेक वेळा उशिरा येतात. काटा रुतला असेल, कुरूप असेल, चप्पल लागली असेल म्हणून वर्ष गेलेलं असतं.

अशा उशिरा आलेल्या गाठीत कित्येकदा मेलॅनिन इतकं ठासून भरलेलं असतं की केंद्रकच दिसत नाही. सगळी स्लाइड काळीशार. ज्या कणांनी उन्हापासून केंद्रकाला झाकलं, तेच आता ते माझ्यापासून झाकत असतात. मग एक नवा काप घेऊन तो पोटॅशियम परमँगनेटमध्ये आणि नंतर ऑक्झॅलिक आम्लात धुवावा लागतो. तपकिरी हळूहळू उतरतं, काच पांढरी पडते. त्यावर पुन्हा हिमॅटॉक्सिलिन, पुन्हा तुरटी, पुन्हा नळाचं पाणी. काप वाळला की भिंगाखाली धरायचा. छत्र्या गेलेल्या असतात, आणि निळ्या, फुगलेल्या, दाटीवाटीने बसलेल्या केंद्रकांच्या मधोमध डाळिंबाचा एकेक दाणा दिसत असतो.